पाणी कोणी सोडले?

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेला आलेला पूर एकच होता, त्याच्या बातम्या मात्र दोन होत्या. सांगली-कोल्हापूरच्या मराठी बातम्यांचा सारा रोख अलमट्टी धरणावर होता. कर्नाटक धरण भरून बसले, पुरेसा विसर्ग करीना, म्हणून नदीला फुगवटा आला आणि शहरे पाण्याखाली गेली, असा त्यांचा सूर. चिक्कोडी, अथणी, जमखंडीकडच्या कन्नड बातम्यांत दोष महाराष्ट्राच्या माथी होता. कोयनेचे दरवाजे उघडले, शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यावरून पाण्याचा लोंढा खाली आला आणि आमची गावे बुडाली, असे तिकडचे म्हणणे. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी कर्नाटकचे मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांच्याशी बोलून अलमट्टीतून पाच लाख क्युसेक विसर्ग करण्याची मागणी केली. सांगलीत ती दिलाशाची बातमी ठरली. नारायणपूर धरणाच्या खाली, रायचूर आणि यादगीर जिल्ह्यांतल्या नदीकाठच्या गावांसाठी तोच विसर्ग म्हणजे गाव सोडण्याचा इशारा होता.

सामायिक नदीची बातमी बहुतेक वेळा अशीच घडते. पावसाळ्यात ती विचारते, पाणी कोणी सोडले? उन्हाळ्यात विचारते, पाणी कोणी अडवले? दोन्ही प्रश्नांचे उत्तर ठरल्यासारखे सीमेपलीकडे सापडते. धरणाला दरवाजे असतात आणि ते उघडणारा कुणीतरी असतो, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा हे चटकन ठरते. पाऊस किती तासांत कोसळला, पाणलोटाची काय अवस्था होती, पूररेषेच्या आत कोणी बांधले, धरण कोणत्या तारखेला किती भरायचे याचे वेळापत्रक कोणत्या काळातल्या पावसावर बेतले आहे, या गोष्टी कॅमेऱ्याला दिसत नाहीत आणि मथळ्यात मावत नाहीत. हवामान बदलू लागल्यापासून नेमक्या याच गोष्टी निर्णायक ठरत आहेत. नदीवर जे घडते आणि नदीविषयी जे छापले जाते, त्यांच्यातले वाढते अंतर हा पुढच्या पानांचा विषय आहे.

माध्यमांच्या अभ्यासात याला चौकट म्हणतात. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट एंटमन यांनी १९९३मध्ये तिची मांडणी केली, ती आजही कामाची आहे. वास्तवातले काही भाग निवडायचे आणि ते ठळक करायचे. तसे केले की समस्या कोणती, तिचे कारण काय, दोषी कोण आणि उपाय कोणता, हे वाचकाच्या मनात आपोआप ठरत जाते. त्यासाठी खोटे लिहावे लागत नाही. २०१९च्या दोन्ही बातम्यांतले आकडे खरे होते. अलमट्टीत पाणी होते आणि कोयनेतूनही सुटत होते. फरक कोणता आकडा आधी आला आणि कोणता आलाच नाही, एवढाच होता.

सांगलीत पावसाळा आयर्विन पुलावरच्या फुटांत मोजतात. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी. कोल्हापुरात पंचगंगेवरचा राजाराम बंधारा हेच काम करतो; तिथे एकोणचाळीस आणि त्रेचाळीस. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की जिल्ह्याच्या मोबाइलांवर पहिला संदेश फिरतो, मग दर तासाची पातळी. २०१९मध्ये आयर्विनजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ पाणी चढल्याने मुंबई-बंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटून अनेक जण बुडाले. त्या दिवसांत स्थानिक पत्रकारांनी केलेले काम मोलाचे होते. कोणता रस्ता सुरू, कोणत्या शाळेत निवारा, कोणत्या गल्लीत पाणी, हे लोकांना त्यांच्यामुळेच कळले. अडचण पुढे येते. पाणी ओसरले, घरातला चिखल काढून झाला आणि कारणांची चर्चा सुरू झाली की बातमी फूटपट्टी खाली ठेवते आणि नकाशावरची राज्याची सीमा हातात घेते.

राज्य सरकारने निवृत्त जलसंपदा सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२०मध्ये तिचा अहवाल आला. सांगली-कोल्हापूरच्या पुराला अलमट्टी धरण आणि कर्नाटकातलाच हिप्परगी बंधारा कारणीभूत ठरले नाहीत, असा तिचा निष्कर्ष होता. थोड्या दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस आणि नदीच्या पूरपट्ट्यातली अतिक्रमणे यांकडे तिने बोट दाखवले. सांगलीतल्या अनेक कार्यकर्त्यांना हा निष्कर्ष मान्य नाही. फुगवट्याचा हिशेब नीट झाला नाही, ऐन पावसाळ्यात अलमट्टीची पातळी ५१७ मीटरच्या आसपासच रोखली पाहिजे, असे ते म्हणतात. हा वाद तांत्रिक आहे आणि दोन्ही बाजूंना आपापले अभियंते आहेत. मात्र बातमीत त्याचे रूपांतर चटकन ‘अलमट्टीला क्लीन चिट’ विरुद्ध ‘सांगलीशी गद्दारी’ असे होते. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषांच्या आत कोणाच्या परवानगीने इमारती उभ्या राहिल्या, हा प्रश्न पालिकेच्या पानावर पडून राहतो. त्याचे उत्तर शोधायला सीमा ओलांडावी लागत नाही, बहुधा म्हणूनच तो पहिल्या पानावर येत नाही.

पावसाचे गणित तर त्याहून मागे पडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. २२ जुलै २०२१च्या सकाळपासून पुढच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. कृष्णा जिथे उगम पावते, तिथलेच हे माप आहे. त्याच्या महिनाभर आधी महाराष्ट्राचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बंगळुरूला जाऊन येडियुरप्पांना भेटले होते आणि धरणांतली आवक-जावक एकमेकांना वेळेवर कळवायची, असे ठरले होते. तरी पूर आला आणि आयर्विनजवळचे पाणी पुन्हा पन्नास फुटांच्या वर गेले. दोन राज्यांनी हातमिळवणी केल्याची बातमी छोटी होती आणि महिन्याभरात ती वाहूनही गेली. समन्वय असूनही शहर का बुडाले, हा खरा पत्रकारितेचा प्रश्न होता, आणि तो फारसा कुणी धसाला लावला नाही.

पाणीतंट्याच्या बातमीचे चलन म्हणजे टीएमसी, एक अब्ज घनफूट. हे चलन कुठून आले ते पाहिले की हवामानबदलाचा धागा हाती लागतो. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी १९६९मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने १८९४-९५पासूनच्या ७८ वर्षांच्या नोंदी तपासल्या. चारपैकी तीन वर्षे खात्रीने मिळेल असे पाणी २,०६० टीएमसी धरले. त्यातले ५६० महाराष्ट्राला, ७०० कर्नाटकाला आणि ८०० आंध्र प्रदेशाला दिले आणि पुनर्वापराच्या पाण्याचा हिशेब वेगळा ठेवला. ब्रिजेश कुमार लवादाने २०१०मध्ये १९६१ ते २००८ या ४७ वर्षांची मालिका घेतली, निकष ७५वरून ६५ टक्क्यांवर आणला आणि पाण्याचा आकडा २,२९३ झाला. अलमट्टीची उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायला मुभा मिळाली, ती याच निवाड्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११मधल्या आदेशामुळे तो राजपत्रात आलेला नाही. पुढे आंध्राचे दोन तुकडे झाले आणि तेलंगणाच्या वाट्याचा नवा प्रश्न त्याच लवादापुढे गेला.

नदी तीच, मात्र नोंदींची वर्षे आणि टक्केवारी बदलली की तिच्यातले पाणी शेकडो टीएमसीने वाढते. दोन्ही आकडे मागच्या पावसावर बेतलेले. मागच्यासारखाच पाऊस पुढेही पडेल, हे त्यांच्यामागचे गृहीतक. वर्षाचा एकूण पाऊस फारसा न बदलता तो मोजक्या दिवसांत पडू लागला, तर कागदावरचे टीएमसी तसेच राहतात. प्रत्यक्षात मात्र निम्मे पाणी पूर बनून निघून जाते आणि उरलेल्या महिन्यांत टंचाई. बातमीत टीएमसी हा सातबाऱ्यावरच्या क्षेत्रासारखा येतो: ठरलेला, मोजलेला, आपल्या हक्काचा. एक टीएमसी ‘गमावला’ की अस्मिता दुखावते. तो टीएमसी यापुढे मुळात असेल का, हे विचारणारा वार्ताहर विरळा.

उन्हाळ्यात हीच कृष्णा उलटी वाहू लागते, निदान बातम्यांत. एप्रिल-मेमध्ये कर्नाटकातल्या काठच्या गावांना प्यायला पाणी नसते, तेव्हा कोयना-वारणेतून पाणी सोडा, अशी विनंती बंगळुरूहून मुंबईला येते. महाराष्ट्राने बदल्यात जत तालुक्यासाठी पाणी मागितले. जतचा पूर्व भाग कायम दुष्काळी आणि कर्नाटकातली तुबची-बबलेश्वर उपसा योजना त्याच्या शेजारीच. उंचसखल जमिनीचा विचार केला तर ही देवाणघेवाण दोघांच्याही फायद्याची. पण नोव्हेंबर २०२२मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतमधल्या गावांच्या जुन्या ठरावाचा हवाला देत त्या गावांवर दावा सांगितला. पाठोपाठ तुबची-बबलेश्वरचे पाणी जतच्या हद्दीत आले आणि पाण्याची बातमी सीमावादाची बातमी झाली. वाहिन्यांवर दोन्ही राज्यांचे झेंडे, फोडलेल्या बसगाड्या आणि घोषणा दिसल्या. जतच्या शेतकऱ्याला किती दिवस पाणी मिळाले, पुढच्या वर्षी मिळेल का, त्यासाठी कोणता करार लागेल, हे त्या गदारोळात विरून गेले.

म्हादईचे प्रकरण मराठी वाचकाला आणखी एक धडा देते, कारण बेळगाव आणि पणजी या दोन्ही ठिकाणी मराठी वृत्तपत्रे निघतात. खानापूर तालुक्यात उगम पावणारी ही नदी गोव्यात मांडवी होते. गोव्यातल्या बातम्यांत ती आई आहे, अभयारण्याचा प्राण आहे, खाऱ्या पाण्याला थोपवून धरणारा प्रवाह आहे. हुबळी-धारवाडकडच्या बातम्यांत ती तहानलेल्या शहरांची आणि नरगुंदच्या आंदोलक शेतकऱ्यांची नदी आहे. म्हादई लवादाच्या १४ ऑगस्ट २०१८च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी मिळाले. मथळ्यांनी १३.४२ हा आकडा उचलला. त्यातले ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी होते आणि कळसा-भांडुरा प्रकल्पातून खोऱ्याबाहेर वळवायचे पाणी ३.९ टीएमसी होते. हे कळले असते तर गोव्यातला संताप मावळला असता असे नाही. जंगल आणि खारफुटीचे प्रश्न उरलेच असते. मात्र वाद कोणत्या पाण्याचा आहे, हे तरी दोन्हीकडे सारखेच कळले असते.

छापील पानापेक्षा पडद्याचा वेग जास्त, म्हणून धोकाही जास्त. सप्टेंबर २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाला कावेरीतून दहा दिवस रोज १५,००० क्युसेक पाणी तमिळनाडूसाठी सोडायला सांगितले. हिशेब केला तर ते सुमारे तेरा टीएमसी होते. त्या दिवसांत बंगळुरूत एका तमिळ विद्यार्थ्याला समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून मारहाण झाल्याची चित्रफीत पसरली. लगोलग चेन्नईत कर्नाटकाशी संबंधित हॉटेलवर हल्ला झाला, रामेश्वरमला कर्नाटकातल्या वाहनचालकाला मारले, आणि त्याही चित्रफिती आल्या. दोन राज्यांतल्या वाहिन्यांनी त्या दिवसभर फिरवल्या. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या राज्यातली मारहाण दिसत राहिली. १२ सप्टेंबरला बंगळुरूत तमिळनाडूच्या क्रमांकाच्या बसगाड्या पेटल्या, शहराच्या काही भागांत संचारबंदी लागली आणि पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. त्याच दिवशी न्यायालयाने विसर्ग १२,००० क्युसेकवर आणला होता. पाऊस कमी झाला होता, धरणे अर्धी रिकामी होती आणि टंचाईच्या वर्षी तूट कशी वाटून घ्यायची याचे सर्वमान्य सूत्र नव्हते. मूळ दुखणे ते होते. त्यावर चर्चा करणारे कार्यक्रम आगीच्या दृश्यांपुढे टिकले नाहीत.

देशाची सीमा आली की चौकट आणखी कडक होते. ऑगस्ट २०२४मध्ये बांगलादेशातल्या फेनी आणि कुमिल्ला भागात भीषण पूर आला. त्रिपुरातल्या गोमती नदीवरच्या डंबूर धरणाचे दरवाजे भारताने न सांगता उघडले, अशी बातमी तिकडे वणव्यासारखी पसरली. धरण सीमेपासून सुमारे १२० किलोमीटर वर आहे, ते कमी उंचीचे आहे आणि पूर मुख्यतः त्याच्या खालच्या पाणलोटातल्या पावसाने आला, असा खुलासा भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने केला. सांगलीच्या वाचकाला हा संवाद पाठ असायला हवा. अलमट्टीच्या वेळी जे प्रश्न सांगलीने विचारले, तेच ढाक्याने डंबूरविषयी विचारले. फक्त या वेळी भारत वरच्या अंगाला होता.

एप्रिल २०२५मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने १९६०चा सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवला. पाणी रोखणे ही युद्धाची कृती मानली जाईल, असे पाकिस्तानने जाहीर केले. तिकडच्या उर्दू बातम्यांत ‘आबी दहशतगर्दी’, म्हणजे पाण्याचा दहशतवाद, आणि इकडच्या वाहिन्यांवर चिनाबवरच्या बगलिहार धरणाचे बंद दरवाजे आणि खालचे कोरडे पात्र. ही धरणे वाहत्या पाण्यावर वीज करणारी आहेत, त्यांची साठवण थोडी आहे आणि उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फाचे पाणी अडवून ठेवायला जागाच नाही, हे सांगणारे आवाज होते, पण रात्री नऊच्या चर्चेत त्यांना जागा मिळाली नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये चीनने तिबेटमध्ये यार्लुंग त्सांगपोवर महाकाय जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले. तेव्हा अरुणाचलचे मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी वापरलेला ‘वॉटर बॉम्ब’ हा शब्द सगळ्या मथळ्यांत गेला. चिनाबवर आपण वरचे, ब्रह्मपुत्रेवर आपण खालचे. एकाच वृत्तवाहिनीवर, काही महिन्यांच्या अंतराने, दरवाजे बंद करणे हे शौर्यही ठरले आणि कपटही.

या गदारोळात एक जुना अभ्यास आठवणे उपयोगी ठरते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्य विद्यापीठातील आरोन वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ ते १९९९ या काळात दोन किंवा अधिक देशांमध्ये नदीच्या पाण्यावरून घडलेल्या १,८३१ घटना गोळा केल्या. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश सहकार्याच्या होत्या. सिंधू करारानेही १९६५, १९७१ आणि १९९९ची युद्धे पाहिली. सहकार्य संथ आणि कंटाळवाणे असते. अभियंते भेटतात, नोंदी देतात, बैठकीचे इतिवृत्त लिहितात. त्याची बातमी होते ती ते बंद पडल्यावर. २०१७मध्ये डोकलामच्या तणावात चीनने ब्रह्मपुत्रेच्या पातळीची माहिती देणे थांबवले, तेव्हा अशी माहिती येत होती हे अनेकांना पहिल्यांदा कळले.

उलट टोकाची एक चौकटही आता रुळू लागली आहे. ‘ढगफुटी’, ‘न भूतो असा पाऊस’, ‘हवामानबदलाचा फटका’ असे म्हटले की कुणालाच जाब द्यावा लागत नाही. धरण जुलैत का भरले, इशारा किती तास आधी दिला, नाल्यावर बांधकामाची परवानगी कोणाची, हे सगळे आभाळावर ढकलता येते. शेजाऱ्याला दोष देणारी बातमी आणि निसर्गाला दोष देणारी बातमी, या दोन्हींतून स्थानिक प्रशासन मात्र सुखरूप बाहेर पडते. हवामानबदल हे कारण आहे. त्याने कुणाची जबाबदारी संपत नाही, उलट नियम बदलण्याची घाई वाढते.

वार्ताहरांना दोष देऊन भागणार नाही. जिल्हा आवृत्तीचा वार्ताहर आपल्या राज्याच्या जलसंपदा विभागाकडून सकाळी येणाऱ्या तक्त्यावर विसंबतो. पलीकडच्या राज्याचा तक्ता दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या कार्यालयात असतो. चिक्कोडीत वार्ताहर ठेवणे कोल्हापूरच्या वृत्तपत्राला परवडत नाही आणि शिरोळला ठेवणे हुबळीच्या. सिंधू, गंगा आणि ब्रह्मपुत्रा खोऱ्यांतल्या प्रवाहाच्या नोंदी तर सरकारच गोपनीय मानते. नोंदी मिळत नसतील, तर दाव्यांची आणि प्रतिदाव्यांची बातमी होणार हे उघड आहे.

हा विषय लवकरच पुन्हा ऐरणीवर येणार आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी एच. डी. देवेगौडा आणि शेख हसीना यांनी केलेला गंगा पाणीवाटप करार तीस वर्षांचा होता, त्याची मुदत डिसेंबर २०२६मध्ये संपते. १ जानेवारी ते ३१ मे या काळात फरक्का बंधाऱ्यापाशी पाणी ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे, ७५,०००च्या वर असेल तर भारताला ४०,००० आणि उरलेले बांगलादेशाला, असे त्याचे सूत्र. त्यामागचे कोष्टक १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांच्या सरासरीवर उभे आहे. त्यानंतर वरच्या राज्यांतला उपसा वाढला आणि पाऊसही बदलला. कोलकाता, ढाका आणि दिल्ली येथे ‘कोणी किती गमावले’ याचे मथळे छापले जातील, तेव्हा वाचकाला चार गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या: कोष्टक कोणत्या वर्षांचे आहे, नोंदी कोण ठेवतो, तुटीच्या वर्षी वाटणी कशी होते आणि करारात फेरमोजणीची तारीख आहे का. पुढची प्रकरणे कृष्णा, म्हादई, कावेरी, सिंधू आणि गंगा या नद्यांबाबत हेच चार प्रश्न क्रमाने विचारतात आणि प्रत्येक नदीच्या दोन्ही काठांवरच्या बातम्या शेजारी-शेजारी ठेवून वाचतात.